न लागलेला अडणा

चित्रपटातल्या शांततेची लांबी मोजता येते आणि ती मोजण्याचा पगारही मिळतो, हे मुलाने नोकरीला लागल्या दिवशी सांगितले तेव्हा आप्पांनी एवढेच विचारले होते, "आणि वजन कोण करतं?"

मुलाचे काम असे होते. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी चित्रपटातल्या दृश्यांचे वर्णन लिहायचे, आणि पात्रे गप्प असतील तेवढ्या फटींत ते आपल्याच आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करायचे. फट चार सेकंदांची असेल तर वाक्यही चार सेकंदांचेच हवे. साडेचार झाले की नायिकेच्या पहिल्या शब्दावर त्याची शेवटची क्रिया जाऊन आदळे. म्हणून त्याच्या टेबलावर घड्याळ, कानांवर हेडफोन आणि तोंडात सतत पुटपुट. 'जातो' लिहावे की 'निघून जातो' लिहावे यावर तो सहकाऱ्यांशी पाऊण तास वाद घाली आणि जिंकल्यावर पुन्हा स्वतःशीच वाद सुरू करी. कचेरीत त्याला सगळे 'मोजपट्टी' म्हणत. त्याला ते आवडत नसे, पण नाव अचूक असल्यामुळे त्यावर वाद घालता येत नव्हता.

कचेरीच्या नियमावलीतला सातवा नियम त्याचाच होता. वर्णनात बारा सेकंदांहून मोठी पोकळी राहू नये. सुरुवातीच्या काळात एका बाईंना मोठी पोकळी ऐकून यंत्र बंद पडल्यासारखे वाटले. त्यांनी उठून चाचपडत पिन काढली, पुसली, पुन्हा घातली, आणि तेवढ्यात पडद्यावरचे लग्न लागून गेले. बाईंनी फोनवर जे सुनावले ते मोजपट्टीच्या फार जिव्हारी लागले. त्या आठवड्यातच त्याने नियम लिहून काढला, आणि तेव्हापासून त्याच्या हातून एकही फट मोकळी सुटली नव्हती.

आप्पा चौतीस वर्षे लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवत होते. छताजवळच्या पिंजऱ्यात बसून ते तापल्या लोखंडाच्या लाद्या इकडच्या तिकडे करत, आणि खाली घरी आल्यावरही माणूस तसाच उंचावरून बोलणारा. वडील गेले तेव्हा ते रडले नाहीत, डाव्या हाताची दोन बोटे चेंगरून तुटली तेव्हा रडले नाहीत. सिनेमाला मात्र रडत. तेही चोरून नव्हे. तिकीट काढले आहे तर पुरेपूर वसूल करावे अशा थाटात, टॉवेलाएवढा रुमाल मांडीवर पसरून. शेजारी बसलेली आई त्यांच्याकडे बघून हसत सुटे. पुढच्या रांगेतले लोक वळून बघत, की हा एवढा धिप्पाड गडी हुंदके देतोय आणि बायको खिदळतेय, हे काय प्रकरण आहे.

मग काचबिंदूने आप्पांचे डोळे कडेकडून कुरतडत आणले. शेवटचा उजेड गेला त्याला चार महिने होत नाहीत तोच आई गेली. आप्पा रडले नाहीत. आलेगेले म्हणाले, माणूस मोठा खंबीर. त्यालाही आता चौदा महिने झाले होते. आप्पांनी आईचे नाव एकदाही घेतले नव्हते. ते आपल्या खोलीत जेवत, खोलीतच बसत, आणि कोणी 'सिनेमा लावू का?' म्हणाले की 'मला काय रेडिओ ऐकायचाय?' असे म्हणून कूस बदलत. वजन नऊ किलो उतरले होते.

"मी दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो काढते," मोजपट्टीची बायको म्हणाली. ती दवाखान्यात क्ष-किरण विभागात होती. "पण आप्पांच्या आत जे अडकलंय ते माझ्या यंत्रात यायचं नाही. ते तुझ्या यंत्रात आलं तर बघ."

म्हणूनच त्या जुन्या चित्रपटाचे काम कचेरीत आले तेव्हा मोजपट्टीने ते भांडून आपल्याकडे घेतले. आई-आप्पांनी तो तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा शेवटाला आप्पांचा रुमाल पिळून काढावा लागला होता. गोष्ट साधीच. एक तापट म्हातारा, त्याची बायको, भांडून घर सोडून गेलेला मुलगा. म्हाताऱ्याने मुलाचे नाव काढायला बंदी केली आहे. रोज संध्याकाळी दार लावायचे ते त्यानेच: वर कडी, मध्ये खिटी, खाली आडवा लाकडी अडणा. कडी आणि खिटी घरच्या माणसाला बाहेरूनही युक्तीने काढता येतात. अडणा मात्र आतूनच निघतो. दोन तास चित्रपट चालतो आणि दोन तास दार तसेच लागते. शेवटच्या संध्याकाळी म्हातारा कडी लावतो, खिटी लावतो, अडणा उचलतो आणि हातात धरून उभा राहतो. मग तो भिंतीला टेकवून ठेवतो आणि आत जातो. अख्ख्या दृश्यात एक शब्द नाही. दृश्य एकेचाळीस सेकंदांचे.

एकेचाळीस सेकंद म्हणजे मोजपट्टीच्या दृष्टीने सुपीक जमीन. त्याने ती नांगरून, पेरून, कुंपण घालून तयार केली. म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरा, भिंतीवरची सावली, थरथरणारे ओठ, पापणीवर अडलेला आणि मग सुरकुतीतून वाट काढणारा थेंब, सगळे सेकंदाबरहुकूम बसवले. इतके चांगले त्याने आजवर लिहिले नव्हते. कचेरीत देण्याआधी त्याने ते घरी आणले आणि रविवारी दुपारी आप्पांना जवळजवळ ओढूनच बाहेरच्या खोलीत बसवले.

आप्पा दोन तास दगडासारखे बसले. बसले हेच खूप, असे बायकोने खुणेने सांगितले. शेवटचे दृश्य आले. कडी वाजली, खिटी वाजली, आणि यंत्रातून मोजपट्टीचा आवाज सुरू झाला. शिरा झाल्या, सावली झाली. ओठांपाशी आप्पा उठले. टेबलाच्या कडेला हात लावत, सवयीची सात पावले मोजत ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतले.

मोजपट्टी मागोमाग गेला. "काय चुकलं, आप्पा?"

"काही नाही. छान लिहिलंयस. परीक्षेत पहिला नंबर येईल."

"मग उठलात का?"

"तो म्हातारा रडला ना?"

"हो. मी सांगितलं की."

"तेच तर. त्याचं रडणं तू मला सांगितलंस आणि माझं राहून गेलं." आप्पा पलंगावर बसले. "माझं अगदी घशाशी आलं होतं रे. तेवढ्यात चिरंजीव कानात बोलायला लागले. शिरा काय, सावली काय. मयताला गेल्यावर एखादा शेजारी कसा भेटतो, तसा. आपल्याला जरा भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं असतं, आणि तो आपला दंड धरून सांगत असतो, बघा हो, किती दुःख झालंय."

"पण दिसत नाही त्याला कळणार कसं?"

"अरे, मला दिसत नाही. बहिरा नाहीये मी."

यावर मोजपट्टीजवळ उत्तर होते. सातवा नियम होता, पिन काढणाऱ्या बाई होत्या, एकंदर सहा मुद्दे होते. त्यांपैकी दोन त्याने मांडलेही. आप्पांनी भिंतीकडे तोंड केले. "जा. ही शेवटची खेप. पुन्हा मला सिनेमाला बसवू नकोस."

ती रात्र मोजपट्टीने आपली बाजू मनातल्या मनात मांडण्यात घालवली आणि पहाटेपर्यंत तो हरला. सकाळी त्याने कानांना हेडफोन लावले, डोळे घट्ट मिटले, आणि ते दृश्य स्वतःचा आवाज काढून टाकून ऐकले. कडीचा खणखणाट. खिटीचा टक. अडणा जमिनीवरून उचलताना लाकडाची खरड. त्यानंतर काहीच नाही, फार वेळ काहीच नाही. मग भिंतीला लाकूड टेकल्याचा अगदी बारीक आवाज, आणि दूर जाणारी पावले. अडणा खोबणीत बसताना जो धप्प आवाज होतो, जो दोन तासांत आठ वेळा होऊन गेलेला असतो, तो येत नाही. तो येत नाही हे ऐकू येते. मोजपट्टीने डोळे उघडले तेव्हा समोरचा पडदा त्याला नीट दिसेना, आणि सर्दीचे दिवसही नव्हते.

त्याने सगळे खोडले. चित्रपटातल्या पहिल्या संध्याकाळी मात्र दोन वाक्ये घातली, की कडी आणि खिटी बाहेरून निघतात, अडणा आतूनच. पुढच्या प्रत्येक संध्याकाळी दार लागताना तो मध्ये बोललाच नाही. लाकडाचा आवाज लोकांच्या कानात मुरू दिला. शेवटच्या दृश्याआधी तीन शब्द ठेवले: 'म्हातारा दाराशी येतो.' नंतरचे एकेचाळीस सेकंद कोरे.

हे कागद घेऊन तो मोठ्या बाईंच्या दारात उभा राहिला. मोठ्या बाई संस्थेच्या प्रमुख. जन्मापासून अंध, आणि पंचवीस वर्षे हेच काम केल्यामुळे कोणाच्या चपलांचा आवाज कुठे थांबला यावरून त्याचा हेतू ओळखणाऱ्या.

"दारातच घुटमळताय म्हणजे काहीतरी मोडायला आलायत," त्या म्हणाल्या.

"सातवा नियम."

"तुमचाच ना तो? मागच्या महिन्यात त्या नव्या मुलीला तुम्ही तेरा सेकंदांसाठी रडवलंत."

"तिची माफी मागेन. मी कारणं लिहून आणलीत. तीन पानं आहेत."

"शांत बसण्यावर तीन पानं?" मोठ्या बाई हसल्या. "हे तुम्हीच करू जाणे. ती पानं ठेवा तुमच्याजवळ. चाचणी घेऊ. एका जागी तीन दिवे लागले तर हा सिनेमा दुसऱ्याकडे जाईल, आणि तो शिरा-सावल्यांसकट भरून काढेल. कबूल?"

"कबूल. आणखी एक विनंती होती. ऐकणाऱ्यांत माझ्या वडिलांना बसवू का?"

"वशिला?"

"उलट. ते माझ्या विरोधात आहेत."

चाचणीची पद्धत अशी होती. अकरा श्रोते एका खोलीत बसत. प्रत्येकाच्या हातात वायरने जोडलेली, साबणाच्या वडीएवढी एक पेटी, तिच्यावर एक बटण. जिथे काही कळले नाही, धागा तुटला, तिथे बटण दाबायचे. काचेपलीकडे लेखकासमोर अकरा दिव्यांची फळी असे. ज्याने दाबले त्याचा दिवा क्षणभर लुकलुके. लेखकाने बाहेर यायचे नाही, बोलायचे नाही.

आप्पांना आणणे हे याहून अवघड काम होते. मोजपट्टीने ते बायकोवर सोपवले. ती खोलीत गेली आणि म्हणाली, "आप्पा, तुमच्या मुलाच्या चुका दाखवायचं बटण तुम्हाला देणारेत. दाबाल तितक्यांदा त्याच्यासमोर दिवा लागणार."

आप्पांनी कूस बदलली. मग आप्पांनी विचारले, "कितीही वेळा?"

"बोट दुखेपर्यंत."

"शर्ट काढून ठेव, सूनबाई."

आप्पा सातव्या खुर्चीत बसले. त्यांच्या एका बाजूला निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई होत्या, दुसऱ्या बाजूला पियानो शिकवणारे एक मास्तर. चित्रपट सुरू झाला आणि आप्पांनी बटणाचा हक्क बजावायला सुरुवात केली. नदीच्या दृश्याला सातवा दिवा. बाजाराच्या दृश्याला सातवा दिवा. एकदा तर नुसत्या 'मांजर आळस देते' या वाक्याला. मोजपट्टी निमूटपणे वेळा टिपत राहिला. बाकीचे दहा दिवे बहुतेक गप्प होते; पण त्याचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. खोलीत जाऊन भिंतीकडे वळलेला तो माणूस आज पुन्हा उठून गेला, तर त्याला परत बाहेर काढायला आपल्याजवळ दुसरा कुठलाच सिनेमा नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि गेल्या चौदा महिन्यांत ज्या वेगाने ते वजन उतरत होते, त्याचा हिशेब त्याने करायचा नाही असे ठरवूनही तो रोज होत होता.

'म्हातारा दाराशी येतो.'

कडी. खिटी. लाकडाची खरड.

मोजपट्टीने घड्याळाकडे बघायचे नाही असे ठरवले आणि बघितले. पाच. आठ. खोलीत कोणी खोकले नाही. बाराव्या सेकंदाला, स्वतःच्या नियमाच्या उंबऱ्यावर, तो खुर्चीच्या कडेला येऊन बसला. आत्ता कोणीतरी पिन शोधायला उठेल. पंधरा. चौथा दिवा लुकलुकला. मागच्या रांगेतले कोणीतरी. एक. अठरा. आणखी काही नाही. बाविसाव्या सेकंदाला भिंतीला लाकूड टेकल्याचा तो बारीक आवाज आला, आणि त्याच क्षणी सातवा दिवा लागला.

लागला तो विझेना. इतर वेळी दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागून जाई. हा नुसता जळत राहिला. तीस. पस्तीस. पावले दूर गेली. आप्पांनी बटण दाबून धरले होते. मोजपट्टीला वाटले, संपले. एवढ्या रागाला एकदा दाबणे पुरेना म्हणून ते चुकीवर बोट ठेवून बसले आहेत. तो उभा राहिला. बाहेर यायचे नाही हा नियम मोठ्या बाईंचा होता, आणि आज एक मोडलाच होता तर दुसऱ्याने काय घोडे मारले होते.

काचेचे दार ढकलून तो आत आला आणि जागच्या जागी थांबला.

आप्पांनी ती पेटी दोन्ही हातांत, तीन बोटांच्या त्या डाव्या हातातसुद्धा, आवळून छातीशी धरली होती. क्रेनचा दांडा धरावा तशी. बटण त्यांच्या बरगडीत रुतले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मान खाली, खांदे गदगदा हलत होते, आणि तोंडातून जो आवाज येत होता तो मोजपट्टीने लहानपणी सिनेमाघराच्या अंधारात कितीदा तरी ऐकला होता. पियानोचे मास्तर चष्मा काढून पुसत होते. त्यांना चष्म्याचा उपयोग नव्हता, पण पुसायला काहीतरी हवे होते. ऑपरेटर बाईंनी पर्समधून कागदी रुमालांचा गठ्ठा काढला आणि अंदाजाने डावीउजवीकडे वाटला.

पडद्यावर संगीत संपले. बटणांचे आवाज टिपत बसलेल्या मोठ्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या, "चौथा दिवा कोणाचा होता?"

"माझा," मागून एक तरुण मुलगी म्हणाली. "मला वाटलं यंत्र बंद पडलं. मग ते लाकूड वाजलं. माझा दिवा काढून टाका, प्लीज."

"असा काढता येत नाही. असू दे, एकच आहे. आणि सातवा?"

आप्पांनी नाक शिंकरले. "सातवा कसला?"

"तुमचा दिवा अजून जळतोय, असं मला चपलांच्या आवाजावरून वाटतंय. तुमचे चिरंजीव धावत आलेत."

आप्पांनी पेटी चाचपली, बटणाचा शोध लागला, तसा त्यांनी हात झटकला. "चुकून. ते धरू नका." मग घसा खाकरून, "मांजराचं मात्र धरा. मांजर आळस देते हे सांगायला माणूस कशाला पाहिजे?"

"मांजर काढतो," मोजपट्टी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो वाद न घालता काहीतरी काढत होता.

"नियमाचं मी बघते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमची ती तीन पानं मात्र फाडा. त्यांची गरज नाही."

घरी येताना आप्पा टॅक्सीत अधूनमधून रडत होते. थांबत, खिडकीची काच खाली घेत, वर घेत, पुन्हा रडत. चालकाने आरशातून बघून विचारले, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"चांगलं वाटतंय," आप्पा म्हणाले. "तू गाडी बघ."

बायको दार उघडून उभी होती. दोघांचे लाल डोळे पाहून तिचा चेहरा उतरला. "काय झालं?"

"सिनेमा चांगला होता," आप्पा म्हणाले, आणि सात पावले खोलीकडे न जाता जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. "वाढ काय असेल ते."

ती वाढू लागली. आप्पांनी चार घास खाल्ले, पाणी प्यायले.

"ती असती ना आज," ते म्हणाले, "तर त्या सगळ्यांसमोर हसली असती मला. सिनेमा राहू द्यायचा आणि मलाच बघत बसायची. मी म्हणायचो, अगं, तिकडे बघ, पैसे दिलेत. तर म्हणायची, माझे पैसे इकडेच वसूल होतात." आणि त्यांनी आईचे ते हसणे करून दाखवले, आधी नाकातून फस्सकन, मग तोंडावर पदर दाबल्यासारखे. नक्कल इतकी हुबेहूब होती की बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

मोजपट्टी ताटाकडे बघत बसला. त्याच्या डोळ्यांतून टपाटप पाणी गळत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"हा रडतोय का गं?" आप्पांनी सुनेला विचारले.

"हो, आप्पा."

"रडू दे," आप्पा म्हणाले. "मला थोडा भात वाढ."